करवंटी तिकडे चांगभलं

महाराष्ट्रात राहून टरफलांची बाजू घ्यायची म्हणजे थेट लोकमान्य टिळकांशी गाठ पडते. मराठी शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून कानात नुसतं ‘टरफलं’ म्हणा, तो ‘उचलणार नाही’ असं उत्तर देऊन कूस बदलेल. वर्गात कुणीतरी शेंगा खाल्ल्या, टरफलं टाकली, गुरुजींनी ती उचलायला सांगितली आणि बाळ टिळकांनी बाणेदारपणे नकार दिला, ही गोष्ट आपल्याला बाराखडीच्या आसपास कधीतरी सांगतात. मग दरवर्षी एक ऑगस्टला पागोटं घातलेली पोरं ती माईकसमोर पुन्हा सांगतात. मीही चौथीत सांगितली होती. एक कंपासपेटी मिळाली होती. तिचं झाकण लागत नसे, पण तो वेगळा विषय आहे.

माझी तक्रार टिळकांबद्दल मुळीच नाही. ते गणिताचे माणूस, त्यांचं म्हणणं हिशेबी होतं. त्या वाक्याला दोन भाग आहेत. मी शेंगा खाल्लेल्या नाहीत, हा पहिला. सबब मी टरफलं उचलणार नाही, हा दुसरा. महाराष्ट्राने पहिला भाग गाळला आणि दुसरा पाठ केला. आमच्या पनवेलच्या एसटी स्टँडवर शेंगा खात बसलेला माणूस एकदा नीट पाहा. पुडीतली शेवटची शेंग फोडून झाली की तो पायाने सगळी टरफलं शेजारच्या बाकाखाली सरकवतो आणि अलिबागची गाडी लागली का म्हणून बघतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर असा काही बाणेदारपणा असतो की वाटतं, हा आता सिंहगर्जना करणार. शेंगा मात्र सगळ्या त्यानेच खाल्लेल्या असतात.

करवंटीची अवस्था याहून वाईट. तिला आपण भाषेतच भिकेला लावलं आहे. एखाद्याचं वाटोळं केलं तर त्याच्या हातात करवंटी दिली म्हणायचं. सुनेने उधळेपणा केला की सासूबाई म्हणणार, ‘ही आम्हाला करवंटी घेऊन बसवणार.’ आणि नारळाचा जो भाग पोटात जातो, त्याचं केवढं कौतुक! खोबरं तिकडे चांगभलं. अहो, पण ते खोबरं इतके महिने ज्या पेटीत सुरक्षित राहिलं, तिच्याबद्दल एक शब्द नाही. आम्ही बँकेतली माणसं. लॉकरमधले दागिने तुमचे असले तरी लॉकरबद्दल आम्हाला आदर असतो.

(इथे वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक हात वर करतील. शेंगदाणा हा कडधान्याच्या कुळातला आणि नारळ हे शास्त्राप्रमाणे आंब्यासारखं आठळीचं फळ; दोन्ही खरी कवचफळं नव्हेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हात खाली घ्यावा. कचऱ्याच्या डब्यात कूळ विचारत नाहीत.)

मी बी. कॉम. आहे. हे सांगायची वेळ आयुष्यात फारशी येत नाही, कारण पनवेलमध्ये कुठल्याही रांगेत दगड मारला तर तो बी. कॉम.लाच लागतो. पण टरफलांच्या बाबतीत या पदवीचा उपयोग आहे. परिव्यय लेखांकन नावाचा एक विषय आम्हाला होता. त्यात कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फालतू वाटणाऱ्या मालाचे तीन वर्ग शिकवतात. ज्याला काहीच किंमत येत नाही तो टाकाऊ. ज्याला थोडीफार येते ते भंगार. आणि मुख्य माल करताना आपोआप तयार होणारं, पण स्वतःची किंमत असलेलं जे असतं, ते उपउत्पादन. साखर कारखाना चालतो तो या तिसऱ्या वर्गाच्या आधारावर. मळीतून मद्यार्क निघतो, चिपाडावर बॉयलर पेटतो आणि आता तर त्याच चिपाडावर वीज करून विकतात. कुठल्या चेअरमनने चिपाडं घंटागाडीत टाकल्याचं तुम्ही ऐकलंय? आमच्या कर्जत-पनवेल पट्ट्यातला भातगिरणीवाला तुसाचंही मोल जाणून असतो. सिंधुदुर्गात काजूच्या कारखान्यात टरफलांचं तेल काढतात, राहिलेला चोथा भट्टीत घालतात. तीच टरफलं, तेच चिपाड, तोच तूस. माणूस तोच. कारखान्यात असेपर्यंत हा माणूस त्याला उपउत्पादन म्हणतो, आणि घरी येऊन चपला काढल्या की कचरा म्हणतो.

किलोभर सुक्या शेंगा आणल्या तर त्यात पाव किलोच्या आसपास टरफलं असतात. ती काही दुकानदार फुकट देत नाही. शेंगांच्याच भावाने तोलून देतो. म्हणजे आपण पैसे मोजून विकत घेतलेला माल घरी आणून, फोडून, पिशवीत भरून, वर महापालिकेचा कर देऊन उचलायला लावतो. असा व्यवहार आमच्या शाखेत कुणी केला असता तर ऑडिटर दोन दिवस जास्त राहिला असता.

आता तुम्ही म्हणाल, करायचं काय त्या टरफलांचं? डोक्यावर घ्यायची?

पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे. माझं आजोळ मुरुडकडचं. तिथे नारळ घरात आला की त्याचा एकही अवयव वाया जात नसे. सोडणं न्हाणीघरातल्या चुलीला, काथ्या राखेबरोबर भांडी घासायला, करवंटीला बांबूची दांडी बसवली की आमटीचा डाव. हा डाव पितळी पातेल्याला ओरखडे काढत नाही, त्याची मूठ तापत नाही आणि तो कुणी चोरत नाही. करवंटीच्या निखाऱ्यांना धग चांगली, धूर कमी, म्हणून बाळंतिणीच्या शेगडीसाठी करवंट्या वेगळ्या राखून ठेवत. बदामाची टरफलं जाळून त्यांची पूड दात घासायला घेत. आजोबांच्या एका स्नेह्यांकडे गुडगुडी होती, तिचं पाण्याचं भांडं म्हणजे अखंड नारळ. त्या हुक्क्याला अरबस्तानापासून तुर्कस्तानापर्यंत नारगिले म्हणतात. फारसीत नारगील म्हणजे नारळ, आणि त्याचं मूळ आपल्या नारिकेलात. एक रिकामी करवंटी भाषेसकट एवढी लांब जाऊन आली आणि आपल्याला ती जिन्याखालच्या डब्यापर्यंत नेववत नाही.

जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही, हे इथेच सांगून टाकतो. आजीचे डोळे त्या चुलीनेच गेले. पर्यावरण हा शब्द तिने ऐकलेला नव्हता, आणि ऐकला असता तर तो कुठल्यातरी पारायणाचा प्रकार वाटला असता. करवंटी फेकायची नाही यामागे तिचं तत्त्वज्ञान एकच होतं: सरपण विकत आणावं लागतं. हा शुद्ध वाणिज्य शाखेचा विचार आहे आणि म्हणूनच मला पटतो.

आपण चुली सोडल्या, ते उत्तमच झालं. घोळ त्याच्या पुढे आहे. आपण टरफलं फुकट देतो आणि वेष्टनात घालून परत विकत घेतो. माझ्या भाच्याने परवा मोबाइलवरून दोन ‘कोकोनट बाऊल’ मागवले. आतून-बाहेरून पॉलिश केलेल्या दोन करवंट्या, खोक्यात गवताच्या गादीवर निजलेल्या. किंमत तीनशे नव्याण्णव. त्यात तो सकाळी केळ्याचं शिकरण खातो. त्यालाही आता वेगळं नाव आहे. पूर्वी कंगाल झालेल्या माणसाच्या हातात करवंटी यायची. आता करवंटी हातात यायची तर आधी चारशे रुपये लागतात. त्याच दिवशी त्याच्या आईने तीन नारळ खवून सहा करवंट्या खाली टाकायला दिल्या होत्या. मी हिशेब करून दाखवला: अकराशे सत्त्याण्णव रुपयांचा माल. ताई म्हणाली, ‘दादा, तू बँकेतून निवृत्त कधी होणार आहेस?’

बदामाच्या टरफलांची राखुंडी मागासलेली म्हणून आपण सोडली आणि आता काळ्या रंगाची कोळशाची पेस्ट ट्यूबमधून दातांना लावतो. चेहरा घासायच्या क्रीममध्ये अक्रोडाच्या टरफलाची भुकटी असते; तीच भुकटी कारखान्यांत यंत्रांचे भाग घासून स्वच्छ करायला वापरतात, हे ऐकल्यापासून आमच्या घरात क्रीमचा खप निम्म्यावर आला. स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं, त्याच्या एका नळकांड्यात सक्रिय कोळसा असतो, आणि तो बहुधा करवंटीचाच असतो. करवंटीच्या कोळशाला बारीक छिद्रं फार. वाफेने तापवून ती मोकळी केली की एका ग्रॅम कोळशाला आतून हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. म्हणजे दहा हजार सातशे चौरस फुटांच्या वर! चिमूटभर कोळशात. आणि सगळा कार्पेट, बरं का. पनवेलच्या एकाही बिल्डरला अजून हे जमलेलं नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा भरत. करवंट्या पुरेनात तेव्हा १९१८ साली अमेरिकेने आपल्या नागरिकांना पीचच्या कोयी आणि अक्रोडांची टरफलं जमवून द्यायला सांगितलं, आणि लोकांनी ती पिंपं भरभरून आणून दिली. सोन्याच्या खाणीत दळलेल्या खडकातून विरघळवलेलं सोनं धरून ठेवायला करवंटीचाच कोळसा लागतो. आणि आपण त्या करवंटीत दाढीचा साबणसुद्धा ठेवत नाही!

पण वाद कोळशाचा नाही. तो कारखान्यांनी करावा, माझी हरकत नाही. वाद आमच्या सोसायटीतला आहे.

पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली. २०१६ साली महापालिका झाली. त्याच २०१६ मध्ये केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले, ओला वेगळा आणि सुका वेगळा म्हणून घरोघरी दोन डबे आले. २०२५ साली शेजारी विमानतळाचं उद्घाटनही झालं. एवढं सगळं झालं. पण करवंटी ओली की सुकी, हे आमच्या जिन्यात अजून ठरलेलं नाही. ओल्या डब्यात टाकली तर घंटागाडीवरचा माणूस म्हणतो, ही कुजत नाही, सुक्यात घाला. सुक्यात टाकली तर दुसऱ्या दिवशीचा दुसरा माणूस म्हणतो, याला खोबरं चिकटलंय, ओल्यात घाला. दोघांचंही बरोबर आहे. बँकेत अशा वेळी आम्ही रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. म्हणून मी सोसायटीला लेखी सुचवलं की जिन्याखाली एक तिसरा डबा ठेवा, फक्त करवंट्या आणि टरफलांचा. आमचे सदनिकाधारक अठ्ठेचाळीस. आठवड्याला घरटी दोन नारळ धरा. गणपतीतले मोदक आणि नारळी पौर्णिमेचा भात मी हिशेबात घेतलेलाच नाही. आठवड्याचे शहाण्णव नारळ, एकशे ब्याण्णव करवंट्या. वर्षाच्या नऊ हजार नऊशे चौऱ्याऐंशी. दहा हजारांना सोळा कमी. कुणीतरी म्हणालं, ‘दहा हजारच म्हणा ना!’ बँकेत सोळाचा फरक राहिला तर माणसं घरी जात नाहीत.

या पत्राचं उत्तर म्हणून आमच्या गॅलरीला नोटीस आली.

आमच्या गॅलरीत करवंट्यांतून लावलेली बत्तीस रोपं आहेत. ब्राह्मी आहे, पुदिना आहे, ओवा आहे, मिरचीची रोपं मोठ्या कुंडीत जायच्या आधी वाढतात. नोटिशीत लिहिलं होतं की ‘करवंट्या व तत्सम वस्तूंमुळे डासांचा प्रादुर्भाव होत असल्याने’ त्या सात दिवसांत हलवाव्यात. आता, डासांचा मुद्दा खोटा नाही. डेंग्यूचा एडीस डास थोड्याशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात उताणी पडलेली करवंटी म्हणजे त्याचं सूतिकागृहच. आरोग्य खात्याचे लोक घरी येतात तेव्हा टायर, पिंप, फ्रिजमागची ताटली आणि करवंटी एवढ्या गोष्टी आधी पाहतात, ते उगीच नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, तेही पाळावंच. पनवेलच्या पावसात डेंग्यूची थट्टा करावी एवढा मी विनोदी लेखक नाही.

पण डास होतो तो करवंटीने की तिच्यातल्या पाण्याने? नारळाला तीन डोळे असतात. त्यातला एक मऊ असतो. कोंब त्यातूनच बाहेर येतो. तो खिळ्याने टोचला की भोक तयार. पाणी थांबत नाही, डास फिरकत नाही. हे भोक डोळ्यांच्या बाजूच्या अर्ध्या करवंटीलाच मिळतं. दुसरी अर्धी आंधळी. तिला सामत्याने भोक पाडावं, नाहीतर ती झाडाला देऊच नये. वाटी म्हणून वापरावी आणि पालथी ठेवावी. ज्या करवंट्या सोसायटी ‘हलवा’ म्हणते, त्या हलून जातात कुठे? घंटागाडी येईपर्यंत आवारातल्या कोपऱ्यात, उताण्या, पावसात. डास तिथे होतात. माझ्या गॅलरीतल्या भोकाच्या करवंटीला नोटीस आणि कोपऱ्यातल्या बिनभोकाच्या ढिगाला अभय, हा न्याय मला कळत नाही.

आणि त्या ढिगातून रोज कुणाचे तरी हात जातात. फुटलेल्या करवंटीची कड सुरीसारखी असते. ती पिशवी फाडते आणि मग पिशवी उचलणाऱ्याचा तळवा. आमच्याकडे कचरा वेगळा करायला येणारी बाई हाताला फडकं गुंडाळून येते. तिने आमच्या मोदकांतला एकही खाल्लेला नाही. टिळकांचं ते वाक्य बोलायचा हक्क आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला असेल तर तो तिला आहे. आणि ती बिचारी ते बोलत नाही, उचलते.

यातली सगळ्यात कडी पुढे आहे. आमच्या सोसायटीच्या बागेसाठी गेल्या वर्षी कमिटीने कोकोपीटच्या विटा आणल्या. कोकोपीट म्हणजे सोडणातून काथ्या काढल्यावर खाली राहणारा भुसा, दाबून बसवलेला. पाण्यात टाकला की फुगतो आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. वस्तू चांगली आहे. मुद्दा असा, की गेटसमोर शहाळ्यांची गाडी आहे. तिच्या ढिगाबद्दल हीच कमिटी महिन्यातून एकदा भांडते. म्हणजे नारळाचं सोडण दारात आलं की घाण, आणि तेच केरळ-तामिळनाडू फिरून प्लॅस्टिकमध्ये आलं की बागेचा खर्च, व्हाउचर क्रमांक अमुक. मी ते व्हाउचर पाहिलं आहे. सही ओळखीची होती.

आता आमच्याच पक्षातल्या लोकांबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे, कारण टरफलांचं जेवढं नुकसान फेकणाऱ्यांनी केलं, त्याहून फार कमी काही हौशी लोकांनी केलेलं नाही. करवंटीला डोळे चिकटवून घुबड करणारा एक वर्ग आहे. माकड, कासव, गणपती, पेन ठेवायचं घुबड, चाव्या अडकवायचं घुबड. उन्हाळी शिबिरातून असं एक घुबड घरी आलं की ते टाकता येत नाही, ठेवता येत नाही, आणि त्यावरची धूळ निघत नाही. करवंटी मुळात कचरा नव्हती. घुबड झाल्यावर मात्र झाली. पिस्त्यांच्या टरफलांची फुलं करून भिंतीवर लावणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. त्यांना पिस्ते परवडतात.

दुसरे ते सल्लागार. कुंडीच्या तळाला टरफलांचा थर द्या, पाण्याचा निचरा होतो, असं छातीठोकपणे सांगतात. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. माती पुरी भिजेपर्यंत ते वरच तुंबतं, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. टरफलं द्यायची ती वर द्या. मातीवर शेंगांच्या टरफलांचा दोन बोटं थर असला तर एप्रिल-मेच्या उन्हात कुंडी संध्याकाळपर्यंत ओलसर राहते. वाऱ्याने उडतात म्हणून थोडी चुरडून, पाणी शिंपडून वर मूठभर माती टाकावी. खाऱ्या शेंगांची आणि पिस्त्यांची टरफलं आधी पाण्यातून दोनदा काढावीत. मीठ झाडांना लोणच्यात असेपर्यंतच चालतं.

शेंगांच्या टरफलांचा खरा उपयोग खताच्या डब्यात. पावसाळ्यात घरचं खत करणाऱ्यांची काय दशा होते ती मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, पपईची सालं, सगळं पाणी सोडणारं. त्यात हवा खेळली नाही की सडतं आणि वास सुटतो. ओल्याच्या एका थरावर चुरडलेल्या टरफलांचा एक थर दिला की पाणी शोषलं जातं, मध्ये हवा राहते आणि खत कुजण्याऐवजी मुरतं. करवंटी मात्र खतात घालू नका. ती वर्षानुवर्षं तशीच राहते. ज्या गुणामुळे तिचा डाव होतो, त्याच गुणामुळे तिचं खत होत नाही. एकाच माणसाने गावही आणि वजनही करावं असं कसं चालेल?

काजूच्या टरफलाच्या वाटेला तर घरात जाऊच नये. त्याच्यातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात. काजू हा बिब्ब्याचा भाऊबंद. मे महिन्यात कोकणात जाऊन ओल्या काजूच्या बिया सोलणाऱ्या मुंबईच्या पाहुण्याला हे कुणी आधी सांगत नाही. संध्याकाळी तो ओठ सुजवून ओटीवर बसला की सगळं घर त्याला सांगतं. त्या तेलातून मोटारीच्या ब्रेकचे भाग होतात, रंग होतात, वार्निश होतं. ते ज्यांचं काम त्यांनी करावं. गॅलरीत ती टरफलं जाळून धूर करणाऱ्याला नोटीस आली तर मी कमिटीच्या बाजूने सही करीन.

तर नोटिशीला मी उत्तर दिलं. दीड पान, मुद्देसूद, सोबत करवंटीचा एक नमुना, भोकासह. त्यात तीन मागण्या केल्या. जिन्याखाली कोरड्या जागी तिसरा डबा, झाकणाचा. आठवड्यातून एकदा त्यातल्या करवंट्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो आणि त्याने वाळलेल्या करवंट्या घ्यायला होकार दिला आहे. आणि शेंगांची टरफलं बागेतल्या गुलाबांना, म्हणजे पुढच्या वर्षीचं व्हाउचर थोडं हलकं होईल. सेक्रेटरींनी पत्र वाचलं, करवंटी उजेडात धरून भोकातून पाहिलं आणि म्हणाले, ‘साहेब, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण हे पॉलिसी मॅटर आहे. सर्वसाधारण सभेत येऊ द्या.’ बँकेत वीस वर्षं हेच वाक्य मी ग्राहकांना सांगत आलो आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला समजला.

सभा रविवारी आहे. विषयपत्रिकेवर लिफ्टची दुरुस्ती आहे, गळती आहे, पार्किंग आहे. पार्किंगचा विषय निघाला की पुढचं काही होत नाही, हा अनुभव आहे. करवंट्या शेवटी आहेत, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत. चहाबरोबर खारे दाणे ठेवू नका, अख्ख्या शेंगा ठेवा, असं मी खजिनदारांना सुचवून ठेवलं आहे. त्यांना कारण सांगितलेलं नाही.